परडीतली चावी

“बाई, मनोगत दोनच मिनिटांचं ठेवा. सरकारबद्दल दोन शब्द, सायबांबद्दल दोन शब्द, आभार, झालं.”

फोनवर माझा एक जुना विद्यार्थी बोलत होता. आता तो मोठा माणूस झालाय. रस्त्यांची, नाल्यांची कामं घेतो, म्हणजे आमच्याकडच्या भाषेत गुत्तेदार आहे, आणि ज्या पक्षाची हवा असेल त्या पक्षाचा कार्यकर्ता आहे. अकरावी-बारावीला राज्यशास्त्र त्यानं माझ्याकडंच घेतलं होतं. मूलभूत हक्कांवरचं उत्तर तर तो इतकं छान लिहायचा की मी ते वर्गात वाचून दाखवलं होतं. तोच आता मला सांगत होता, की मंगळवारी मंगल कार्यालयात साहित्य वाटपाचा मोठा कार्यक्रम आहे, पाहुणे म्हणून सरकारातले साहेब मुंबईहून येणार आहेत आणि माझी बॅटरीवर चालणारी तीनचाकी त्यांच्या हस्ते मला मिळणार आहे.

“वाटप प्रसादाचं होतं,” मी म्हणाले. “माझ्या नावानं मंजूर झालेली गाडी आहे. ती मला द्यायचीय. त्याला वाटप कशाला म्हणतोस?”

तो हसला. वर्गात असताना हसायचा तसाच, विषय टाळायला. “बाई, तुमी अजून हाय तशाच हायेत.”

मी आहे तशीच आहे, हे खरंच आहे. लहानपणी पोलिओ झाला, उजवा पाय गेला, डावा निम्मा राहिला. पायाला बांधायचं कॅलिपर आणि दोन कुबड्या यांच्यावर माझं शिक्षण झालं, नोकरी झाली. नोकरी म्हणायची ती तासिका तत्त्वावरची. जितके तास घ्यायचे तितकंच मानधन, तेही येईल तेव्हा, आणि दर वर्षी जूनमध्ये नव्यानं नेमणूक. मुलांना मी समतेवर शिकवते आणि स्टाफरूममध्ये पगारी प्राध्यापकांच्या शेजारी बसून त्यांच्या वेतनवाढीच्या गप्पा ऐकते. सरकारी कागदावर आता मला ‘दिव्यांग’ म्हणतात. माझ्या पायात दिव्य काही नाही. पाय आहे, तो चालत नाही, एवढंच.

आमचं गाव नळदुर्गच्या अलीकडं, सोलापूर-हैदराबाद हायवेला लागून आहे. कॉलेज आधी बाजारपेठेत होतं, घरापासून जवळ. कुबड्यांवर जाता यायचं. मग ते हायवेच्या पलीकडं, माळावरच्या नव्या इमारतीत गेलं. सकाळी त्या बाजूला रिक्षा जात नाहीत आणि हायवेवर ट्रक थांबत नाहीत. एक पावसाळा आणि हिवाळा मी कुणाकुणाच्या मोटारसायकलवर मागं बसून काढला. कधी वेळेवर, कधी अर्धा तास संपल्यावर पोचायचे. शेवटी प्राचार्यांनी मला बोलावलं आणि अगदी गोड आवाजात सांगितलं, “मॅडम, येण्याजाण्याची काही कायमची सोय झाली तरच पुढच्या वर्षी तास देता येतील. मुलांचं नुकसान होतंय.” मुलांचं नुकसान होत होतंच. म्हणून मला राग आला तरी उलटून बोलता आलं नाही. तर ही तीनचाकी म्हणजे माझी हौस नव्हती. ती आली तर माझा वर्ग राहणार होता आणि नाही आली तर जाणार होता. तपासणी शिबिर होऊन, मापं घेऊन वर्ष उलटून गेलं होतं, तेव्हा कुठं हा फोन आला होता.

आणि फोनवर माझ्याकडं मनोगत मागत होते.

आईला सांगितलं तर ती म्हणाली, “बोल की मग दोन शबूद. त्यानं काय जीभ झिजती व्हय तुझी?”

आईचं आणि माझं या बाबतीत कधीच जमलं नाही. आई दर मंगळवारी जोगवा मागते. तुळजापूरच्या देवीचा जोगवा आमच्या जिल्ह्यात कुणाला समजावून सांगावा लागत नाही, पण बाहेरच्यांसाठी सांगते. वेताची गोल परडी, तिच्यात हळदकुंकू, कवड्या. ती हातावर घेऊन पाच घरी जायचं, दारात ‘जोगवा’ म्हणून हाक द्यायची. घरातली बाई पसाभर पीठ किंवा ज्वारी परडीत घालते आणि परडीला वाकून नमस्कार करते. आई अनवाणी जाते. जोगवा मागून झाल्याशिवाय पाणीही पीत नाही, आणि पाच घरं पुरी होईपर्यंत परडी खाली टेकवत नाही. घरी आल्यावर देवीसमोर ती स्वतःच परडी रिकामी करते. मधे दुसऱ्या कुणी त्यात हात घालायचा नसतो.

हा जोगवा माझ्या पायांसाठी आहे. तेव्हा आम्ही येडशीजवळच्या एका वाडीत राहत होतो. मला ताप आला आणि ताप उतरला तेव्हा पाय गेलेले होते. आईनं देवीला नवस बोलला, की पोरीला चालव, मी जन्मभर जोगवा मागीन. देवीनं काही चालवलं नाही, आईनं मात्र नवस सोडला नाही. लहान असताना मला त्या परडीचा संताप यायचा. माझे पाय गावभर मागत फिरल्यासारखं वाटायचं. मोठी झाल्यावर संताप दुसऱ्या गोष्टीचा यायला लागला. पोलिओचे डोस तेव्हा होते. मोठ्या गावांत मिळत होते. आमच्या वाडीपर्यंत जीप आली नाही, कारण वाट वाईट होती आणि वाडीत जाब विचारणारं कुणी नव्हतं. जी गोष्ट जीपनं यायला हवी होती ती माझ्या आईला देवीकडं मागावी लागली. हे मी आईला एकदा बोलून दाखवलं होतं. ती म्हणाली, “जीप कुणाला ठावं होती? देवी ठावं होती.”

वडील तहसिलीत कारकून होते. भला माणूस. संध्याकाळी आमच्या ओसरीवर लोक यायचे आणि वडील त्यांना अर्ज लिहून द्यायचे, फुकट. विहिरीचा अर्ज, रेशनचा अर्ज, म्हाताऱ्याच्या पेन्शनीचा अर्ज. अक्षर मोत्यासारखं आणि भाषा सगळी लोटांगणाची. ‘साहेबांचे सेवेशी’ पासून सुरुवात, ‘मायबाप सरकारने गरिबावर कृपादृष्टी करावी’ हा मधला भाग, आणि ‘आपला आज्ञाधारक’ हा शेवट. आजोबा निजामाच्या राज्यात वाढलेले. अंमलदार गावात आला की पायताण काढून हातात धरायचं, हे त्यांच्या अंगात मुरलेलं होतं. निजामाचं राज्य गेलं, पण ती पायताणं वडिलांच्या अर्जात अजून हातातच होती. मी कॉलेजात असताना माझ्या अपंगत्वाच्या दाखल्याचा अर्ज वडील लिहायला बसले तेव्हा मी तो त्यांच्या हातून घेतला. माझ्या हातानं लिहिलं: मला दाखला मिळण्याचा अधिकार आहे, तो द्यावा. वडिलांनी ते वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाले, “असं लिहिलं तर कुणी हातसुद्धा लावणार न्हाय याला.” दाखला मिळाला. उशिरा मिळाला, पण कृपा लिहिणाऱ्यांनाही तो उशिराच मिळत होता.

तेव्हापासून मला एक खोड लागली. सरकार आणि माणूस यांच्यातलं बोलणं मी कान देऊन ऐकते. कोण वाकतंय, कोण उभं आहे, कोण बसलंय, हे बघते.

याच खोडीमुळं मी राज्यशास्त्राकडं वळले असेन. अकरावीच्या वर्गात दर वर्षी मी एक धडा फार चवीनं शिकवते. अडीचशे-तीनशे वर्षांपूर्वी युरोपातली काही माणसं असा विचार करायला लागली, की राजा देवानं नेमलेला नाही. राज्य म्हणजे माणसांनी आपसात केलेला करार आहे. आपण आपली थोडी मोकळीक सोडतो, कर भरतो, कायदा पाळतो, आणि त्या बदल्यात राज्यानं आपलं रक्षण करायचं असतं. करार मोडला तर जाब विचारायचा. असं म्हणणाऱ्यांतला एक तर घड्याळं दुरुस्त करणाऱ्याचा पोरगा होता. पुढं फ्रान्समध्ये क्रांती झाली तेव्हा लोकांनी त्याच्याही पुढची पायरी गाठली. ज्याला काम करणं जमत नाही त्याला जगवणं हे दान नाही, ते समाजाचं कर्तव्य आहे, असं त्यांनी आपल्या जाहीरनाम्यात घातलं. ते त्यांनी पाळलं की नाही, हा वेगळा धडा. पण एकदा लिहिलं गेलं ते पुसता आलं नाही. हिंडत हिंडत, देशोदेशीच्या लोकांच्या हातून, आपल्या माणसांनी त्यात आपलं घालून, ते आपल्या राज्यघटनेपर्यंत आलं.

मुलांच्या डोक्यात हे शिरत नाही हे मला दिसतं. मग मी त्यांना नळदुर्गच्या किल्ल्यात नेते, शब्दांनीच. “किल्ल्यात पाणी महाल कुणी बांधला?” “सुलतानानं!” “नसता बांधला तर?” मुलं एकमेकांकडं बघतात. “नसता बांधला तर काहीच नाही. त्याची मर्जी. तुम्ही कोण विचारणारे? आता तुमच्या नळाला पाणी आलं नाही तर तुम्ही विचारू शकता. नव्हे, विचारलंच पाहिजे. सुलतान आणि सरकार यांत फरक आहे तो हा.” मागच्या बाकावरची एक मुलगी एकदा म्हणाली होती, “पण मॅडम, विचारलं तर पाणी येतं का?” वर्ग हसला. मी हसले नाही. मी म्हणाले, “नाही विचारलं तर येत नाही, एवढं नक्की.”

त्या थोर माणसांवर माझा आंधळा जीव नाही. माणसाचे हक्क म्हणताना त्यांच्या डोळ्यांपुढं धडधाकट पुरुष होता, तोही घरदार असलेला. बाईचं काय, असं ज्या बाईनं विचारलं तिला त्यांच्याच क्रांतीनं मारलं. गुलामांची जहाजं त्यांच्याच बंदरांतून सुटत होती. माझ्यासारखी, वाडीतली, पाय नसलेली बाई त्यांच्या पुस्तकात कुठं असणार? पण दार त्यांनी उघडलं आणि उघडलं ते उघडलं. मी त्यातून आत जाणार. त्यांनी मला बोलावलं होतं की नाही, याची मला फिकीर नाही.

तर मंगळवार उजाडला.

मंगल कार्यालयाला मांडव घातला होता. बाहेर ओळीनं नव्या तीनचाक्या उभ्या होत्या, हँडलला फुगे आणि प्रत्येकीवर पाहुण्यांचा हसरा फोटो चिकटवलेला. माझी मी लांबूनच ओळखली. पुढच्या काचेवर माझ्या नावाचा कागद होता. खरं सांगते, लग्न जमलेल्या मुलीनं नवरा बघावा तशी मी तिच्याकडं बघत होते.

आत गेले आणि स्टेज बघून थबकले. पुरुषभर उंच, लाल गालिचा, आणि वर चढायला अरुंद लाकडी पायऱ्या. कठडा नाही, उतार नाही. अपंगांचा कार्यक्रम आणि एकही अपंग आपल्या पायांनी किंवा चाकांनी वर जाऊ शकणार नाही, असं स्टेज! माझ्या विद्यार्थ्याला विचारलं तर तो अभिमानानं म्हणाला, “बाई, आपली पोरं हायेत ना. अल्लाद उचलून नेतेत.”

आणि नेत होते. एकेकाचं नाव पुकारलं की चार तरुण त्याला काखेत, मांड्यांखाली धरून वर न्यायचे. वर नेऊन पाहुण्यांच्या पायाशी टेकवायचे. मग फोटो. आमच्या तालुक्यातल्या एका म्हाताऱ्याला उचलताना त्याचं धोतर सुटलं. एका हातानं तो धोतर धरत होता आणि दुसरा हात पाहुण्यांकडं कपाळाला लावत होता. मागं कुणीतरी हसलं. फोटोवाला म्हणाला, “बाबा, दोन्ही हात जोडा, दोन्ही.” म्हाताऱ्यानं धोतर सोडलं आणि दोन्ही हात जोडले.

मी तेव्हाच ठरवलं. विचार करून नाही, रागानं ठरवलं.

तेवढ्यात आई आली. कार्यक्रम जोगव्याच्या वेळेत ठेवलेला, त्यामुळं तिची तीनच घरं झाली होती. तशीच अनवाणी, हातावर परडी, गळ्यात कवड्यांची माळ. परडी खाली ठेवायची नाही म्हणून ती खुर्चीवर न बसता माझ्या शेजारी उभी राहिली. लोकांनी आपोआप तिला वाट करून दिली. पोलिसानंसुद्धा.

माझं नाव पुकारलं. चौघे आले. मी म्हणाले, “हात लावू नका.”

“बाई, वर जायचंय.”

“मी वर येणार नाही. मला चढता येत नाही, आणि उचलून न्यायला मी पोतं नाही. ज्यांना पाय आहेत त्यांनी खाली यावं.”

माझा विद्यार्थी धावत आला. घामाघूम. “बाई, तमाशा नगा करू. सायेब बघायलेत. गाडी जाईल हातची.”

ती जाईल, हे मला माहीत होतं. माझा वर्ग, माझे तास, प्राचार्यांचा गोड आवाज, सगळं एका क्षणात डोळ्यांपुढून गेलं. पण त्या म्हाताऱ्याचे दोन हात मला दिसत होते. मी कुबड्या खुर्चीला टेकवल्या आणि हाताची घडी घालून बसून राहिले.

पाहुणे मुरलेले होते. त्यांनी माईक हातात घेतला, हसले आणि म्हणाले, “ताई येऊ शकत नाहीत तर आपण ताईंकडं जाऊ!” टाळ्या. ते चावी घेऊन पायऱ्या उतरले, फोटोवाले त्यांच्या मागं. माझ्यासमोर आले आणि त्यांची नजर परडीवर गेली.

आमच्या जिल्ह्यातला माणूस आमदार असो, चोर असो, परडी समोर आली की त्याचे हात जोडले जातात. पाहुणे मुंबईचे असले तरी मूळचे इकडचेच. त्यांनी पायातल्या मोजड्या काढल्या, परडीला वाकून नमस्कार केला. आणि मग, देवी समोर आली म्हणून खरंच भारावून असेल की फोटो चांगला येईल म्हणून असेल, माझ्या गाडीची चावी त्यांनी आईच्या परडीत, पिठात, टाकली.

“आई राजा उदो उदो!” कुणीतरी ओरडलं. सगळा मांडव ओरडला. पाहुण्यांनी माईक पुन्हा तोंडाशी नेला. “आज आई भवानीनं माझ्या हातून जोगवा घेतला. या लेकीची काळजी मायबाप सरकारनं घेतली. मी निमित्तमात्र!”

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्यांना खाली बोलावून मला काय मिळालं? वर असताना ते निदान सरकारी पाहुणे होते, खाली येऊन दाते झाले. दाखला, तपासणी, मापं, मंजुरी, घटनेतलं कलम, त्या घड्याळवाल्याच्या पोरापासून माझ्यापर्यंत आलेली सगळी वाट एका चिमटीत उचलून त्यांनी भिक्षेच्या टोपलीत टाकली होती. आणि लोक उदो उदो करत होते!

“आई,” मी म्हणाले, “चावी काढ.”

आईनं माझ्याकडं बघितलं. परडीत पडलेलं देवीचं. ते भर मांडवात उपसून काढायचं म्हणजे तिच्यासाठी साधी गोष्ट नव्हती. इतकी वर्षं तिनं जे पाळलं होतं ते मोडायला मी सांगत होते, आणि तेही ज्या नवसाला फळ आलं नाही त्या नवसाच्या परडीतून. मी पुन्हा म्हणाले, “आई, ती माझी आहे. जोगवा नाही तो.”

आईचे ओठ हलले. देवीला काही म्हणाली असेल. मग तिनं पाहुण्यांकडं मान वर करून बघितलं.

“सायेब, हिची माय म्या हाय,” ती म्हणाली. “जित्ती हाय अजून. सरकारला माय कशापायी म्हनू?”

आणि तिनं परडीत हात घातला. पिठानं माखलेली चावी बाहेर काढली, पदरानं पुसली आणि पाहुण्यांच्या हातावर परत ठेवली. “जोगवा म्या मागते. ही मागत न्हाय. हिची वस्तू हाय, हिच्या हातात द्या.”

उदो उदो थांबलं. पाहुण्यांच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच होतं, पण आता ते कुठं ठेवावं हे त्यांना कळत नव्हतं. फोटोवाले खाली-वर बघायला लागले. पाहुण्यांनी चावी माझ्यापुढं धरली. मी खुर्चीत होते, म्हणून त्यांना वाकावं लागलं. मी चावी घेतली. हात जोडले नाहीत.

माझ्या विद्यार्थ्यानं सवयीनं माईक पुढं केला. बिचारा कार्यक्रमपत्रिकेप्रमाणं चालला होता. “मनोगत, बाई.”

मी माईक घेतला. “गाडी मिळाली. उशिरा मिळाली. आपल्या तालुक्यात ज्यांची मापं माझ्याबरोबर घेतली आणि गाड्या अजून आल्या नाहीत, त्यांच्या कधी येणार ते पाहुण्यांनी सांगावं. आणि पुढच्या वेळी स्टेजला उतार...”

माईक बंद झाला. कुणी बंद केला ते कळलं नाही. पण तासिका तत्त्वावरची का असेना, मी मास्तरीण आहे. माझा आवाज पंख्याच्या घरघरीतून शेवटच्या बाकापर्यंत जातो, हे माझ्या विद्यार्थ्याला तरी माहीत असायला हवं होतं. मी सगळं पहिल्यापासून पुन्हा सांगितलं. पाहुणे “बघू, बघू” म्हणत मोजड्या शोधायला लागले. मागं बसलेली एक आंधळी बाई मोठ्यानं म्हणाली, “माझी काठी बी यायची हाय, लिवा म्हनावं!” मग आणखी एक आवाज आला, मग आणखी. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. लोक विचारत होते, आणि विचारताना हात जोडत नव्हते, निदान त्या वेळी तरी.

गाडीवरून फुगे आणि फोटो मी तिथंच उपटून टाकले. आई शेजारून चालत होती, मी तिच्या चालीनं गाडी चालवत होते. मधेच ती म्हणाली, “अजून दोन घरं ऱ्हायलीत.” त्या दोन घरांत जाऊन आली, घरी आल्यावर परडी देवीपुढं रिकामी केली आणि बराच वेळ बसून राहिली. मी विचारलं, “पाप वाटतंय का?” ती म्हणाली, “वाटतंय. पर मोठ्या पापापरीस बरं.”

वर्तमानपत्रात कार्यक्रमाची बातमी आली, फोटोत तो म्हातारा होता. जूनमध्ये मला तास मिळाले. प्राचार्यांनी गाडी बघितली, “छान, छान” म्हणाले, आणि त्या प्रकाराबद्दल चकार शब्द काढला नाही. सकाळी मी हायवे ओलांडते तेव्हा ट्रकवाले थांबत नाहीत, पण वेग कमी करतात. मी वेळेवर पोचते. माझा वर्ग माझाच राहिलाय.

किंमत मात्र आईनं मोजली. तिच्या पाच घरांत एक घर माझ्या त्या विद्यार्थ्याचं होतं. त्याची बायको दर मंगळवारी पसाभर पीठ घालायची, आईच्या पाया पडायची. पुढच्या मंगळवारी आईनं हाक दिली तर दार उघडलं नाही. आत टीव्ही चालू होता. आई थोडा वेळ थांबली आणि शेजारच्या घरी गेली. त्याच्या पुढच्या मंगळवारी तेच. मला कळलं तेव्हा मी गाडी काढायला निघाले, त्याला जाब विचारायला. आईनं हँडल धरलं.

“कशाचा जाब इचारतीस? जोगवा हाय तो. त्येंचं मन न्हाय, त्येंनी न्हाय घातला. त्येला बोलायचं न्हाय.” आणि मग हँडल न सोडता म्हणाली, “म्हनून तर तुझी चावी म्या परडीत ऱ्हाऊ दिली न्हाय. परडीतलं लोकांच्या मनावर असतंय.”

आईचं बरोबर आहे, मला ते पटलंय. ते दार न उघडणं हा त्याचा अधिकार आहे, आणि कुणाच्या अधिकाराला मी हात लावणार नाही. पण मी आईएवढी मोठी नाही. कॉलेजला जाताना रोज त्या घरावरून जावं लागतं. रस्ता मोकळा असतो, समोर कुत्रंसुद्धा नसतं. तरी त्या दारासमोर आल्यावर मी हॉर्न वाजवते, चांगला लांब, रोज.